पाटी तयार आहे, क्रमांक अजून यायचा आहे

प्रश्न : मी निपाणीची. बेळगावला वसतिगृहात राहून बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. वडील नाहीत, आई विड्या वळते, आणि माझ्या शिक्षणाचा बहुतेक भार उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्या मामांनी उचलला आहे. गणपतीत घरी गेले तेव्हा मामांनी खडेबाजारातून पितळी पाटी करून आणून दाराला लावलेली दिसली. तिच्यावर माझे नाव, त्याखाली ‘बी.एस्सी. नर्सिंग, आर.एन.आर.एम.’ आणि त्याखाली ‘नर्सिंग ऑफिसर’ असे कोरले आहे. त्यांच्या स्कूटरवर लाल क्रॉसचे स्टिकरही आले आहे. तेव्हापासून गल्लीतले लोक मला सिस्टर म्हणतात, बीपी बघायला येतात, आणि एका काकांनी मेडिकलमधून आणलेले इंजेक्शन मी एकदा दिलेही. खरे सांगायचे तर मीसुद्धा इन्स्टाग्रामवर नावापुढे आर.एन. लिहिले आहे. वर्गातल्या मैत्रिणीने हे चूक असल्याचे सांगितल्यापासून मन लागत नाही. मामांना पाटी काढा असे कोणत्या तोंडाने सांगू? आणि परीक्षा आता जवळ आलीच आहे, तर एवढ्याने काय बिघडते?

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर तू स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहेस. एका काकांनी तुझ्यापुढे दंड उघडा केला आणि तू सुई टोचलीस. दारावर पाटी नसती तर ते काका तीच कुपी घेऊन सरकारी दवाखान्यात गेले असते, तिथे कोणीतरी त्यांना चिठ्ठी मागितली असती, पूर्वी या औषधाचा काही त्रास झाला होता का असे विचारले असते, आणि इंजेक्शननंतर थोडा वेळ बाकावर बसायला सांगितले असते. पाटी वाचून ते यांपैकी कुठेच गेले नाहीत. एवढ्याने जे बिघडते ते हेच.

ते औषध कोणते होते हे तू लिहिलेले नाहीस, पण प्रतिजैविकाचे इंजेक्शन असते आणि त्या काकांना त्याची ॲलर्जी असती तर काय झाले असते, हे तुला मी शिकवण्याची गरज नाही. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, आणि त्या क्षणी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिन देणारा माणूस जवळ नसेल तर जीव जातो. तुझ्या घरी ॲड्रेनालिन नव्हते, ऑक्सिजन नव्हता, आणि डॉक्टरांची लेखी सूचनाही नव्हती. नोंदणी झालेली, वीस वर्षे वॉर्डात काढलेली परिचारिकासुद्धा डॉक्टरांच्या सूचनेवाचून असे इंजेक्शन देत नाही. तू दिलेस, कारण दारावरच्या पाटीने त्या काकांना एक आश्वासन देऊन ठेवले होते आणि ते मोडायला तुला संकोच वाटला. यात तुझ्या मनाचा दुष्टपणा काही नाही, हे मला कळते. तरी पुन्हा हे करू नकोस, अगदी घरातल्या माणसालाही नाही. बीपी मोजून आकडा सांगायला आणि ‘उद्या दवाखान्यात दाखवा’ म्हणायला हरकत नाही, मात्र त्या आकड्यावरून गोळी सुचवणे किंवा चालू गोळी बंद करायला सांगणे, यांतले काहीही तुझ्या तोंडून निघता कामा नये.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्यामागे माझी स्वतःची एक गोष्ट आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी मी जनरल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या एका सीनियर ताईला परिचारिका म्हणून नोंदणी झाल्यावर मिळालेला बिल्ला मला फार आवडायचा. एकदा जत्रेसाठी गावी निघताना मी तो तिच्याकडून मागून घेतला आणि साडीच्या पदराला लावून बेळगावहून नंदगडच्या बसमध्ये बसले. आईने, मावश्यांनी तो पाहावा एवढीच माझी इच्छा होती. खानापूर यायच्या थोडे आधी मागच्या बाकावरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. कंडक्टर खानापुरात दवाखान्यापाशी बस थांबवण्याच्या बेतात होता, तेवढ्यात कोणाचे तरी लक्ष माझ्या पदराकडे गेले आणि ‘सिस्टर हाय की गाडीत!’ असा एकच ओरडा झाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, बस दवाखान्याच्या रस्त्याला न वळता पुढे गेली, आणि मला हाताला धरून मागे नेण्यात आले. प्रसूतिशास्त्राचा एक तासही मी तोवर ऐकलेला नव्हता. मी त्या बाईचा हात धरून बसले, याहून अधिक मला काही येत नव्हते, आणि आपल्याला येत नाही हे मोठ्याने सांगायचे धैर्यही होत नव्हते. शेवटी शेजारच्या गावची एक वृद्ध सुईण तिथे येऊन बसली, तिने एका नजरेत माझी अवस्था ओळखली आणि ड्रायव्हरला बस मागे फिरवायला लावली. बाळ खानापूरच्या दवाखान्यात जन्मले. आईला रक्तस्राव बराच झाला, पण ती वाचली. ती वाचली हे त्या सुईणीचे पुण्य आहे. माझ्यामुळे त्या बाईचा जो पाऊण तास वाया गेला, तो मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवशी मला कळले ते असे की, ओळखीचे चिन्ह ज्याच्या अंगावर असते त्याला ते दिसतही नाही. समोरच्याला दिसते, आणि ते दिसले की समोरचा माणूस दुसरीकडे मदत शोधायची थांबतो. बिल्ला नसता तर ती बस दवाखान्यापाशी थांबणार होती. म्हणून एखादी वस्तू आज वापरावी की नाही अशी शंका आली, तर स्वतःच्या मनातला अभिमान किंवा नम्रता तपासत बसू नकोस. एखादा अनोळखी, घाबरलेला माणूस ती वस्तू पाहून काय समजेल आणि त्या समजुतीवर विसंबून काय करील, एवढेच स्वतःला विचार.

आता तुझ्या पाटीकडे या नजरेने पाहू, कारण तिच्यावर तीन वेगवेगळी विधाने आहेत आणि मामांना ती एकच वाटली असणार. ‘बी.एस्सी. नर्सिंग’ ही पदवी आहे. ती विद्यापीठ देते, आणि शेवटच्या सत्राचा निकाल लागेपर्यंत ती तुझ्या नावापुढे लावता येत नाही, मग मागच्या सगळ्या सत्रांत तू पहिली आलेली असलीस तरी. ‘आर.एन.आर.एम.’ म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. हे विद्यापीठाच्या हातात नाही. त्यासाठी निकालानंतर बंगळूरच्या कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेकडे कागदपत्रे घेऊन अर्ज करावा लागतो. त्या वेळच्या म्हैसूर राज्यात १९६१ साली झालेल्या कायद्यान्वये ही परिषद परिचारिकांची नोंदवही ठेवते, आणि त्या नोंदवहीत तुझे नाव चढून तुला क्रमांक मिळाला की मगच ती अक्षरे तुझी होतात. पदवी मिळणे आणि नोंदणी होणे यांच्यामध्ये जो काळ जातो त्यात अनेक मुली फसतात. निकाल लागला म्हणजे आपण परिचारिका झालो असे त्यांना वाटते, आणि काही छोटे दवाखाने त्यांना तेवढ्यावर रात्रपाळीला उभेही करतात. तू तसे कुठे उभी राहू नकोस.

आणि ‘नर्सिंग ऑफिसर’ हे तर पद आहे. पूर्वी ज्याला स्टाफ नर्स म्हणत त्याचेच हे नवे नाव, आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत कन्नडमध्ये ‘शुश्रूषाधिकारी’ असे लिहिलेले तू पाहिले असशील. ते नेमणुकीबरोबर येते आणि नोकरी सोडली की जाते. नेमणूकपत्र हातात नसताना ते घराच्या दारावर लावणे हे तिन्हींत सर्वांत अनुचित आहे, आणि माझ्या मते नेमणूक झाल्यानंतरही त्याची जागा दवाखान्यात आहे, घराच्या दारावर नाही. निपाणी कोल्हापूरला इतकी जवळ आहे की उद्या तू तिकडे नोकरी धरशील असे मला वाटते. तेव्हा हेही लक्षात ठेव की नोंदणी राज्यागणिक असते, आणि महाराष्ट्रात काम करायचे तर इथल्या परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन मुंबईच्या परिषदेकडे पुन्हा नोंद करावी लागते. देशभरात आपली ओळख एकच राहावी म्हणून भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांना राष्ट्रीय ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था केली आहे, तोही नोंदणी झालेल्यांनाच मिळतो.

इन्स्टाग्रामवरची दोन अक्षरे तू हे वाचून संपवण्याआधीच पुसून टाक. तिथे ‘नर्सिंगची विद्यार्थिनी’ असे लिही. ते खरे आहे, आणि विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीने तिथवर पोचणे ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

स्कूटरवरच्या स्टिकरची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ते आज ना उद्याही तुमचे होणार नाही. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे दवाखान्याचे किंवा वैद्यकीय व्यवसायाचे चिन्ह आहे अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे आणि ती चुकीची आहे. १८६४ च्या जिनेव्हा करारापासून ते युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांचे संरक्षणचिन्ह आहे. ज्याच्यावर ते आहे त्याच्यावर गोळी झाडायची नाही, असा त्याचा अर्थ. भारतात १९६० च्या जिनेव्हा करार कायद्याने त्याच्या वापरावर बंधन घातलेले आहे. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेला आणि रेडक्रॉस सोसायटीला ते वापरता येते. खाजगी डॉक्टरला, औषधदुकानाला, परिचारिकेला किंवा परिचारिकेच्या मामांना येत नाही. बेळगावसारख्या लष्करी गावात, जिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि कॅम्पात सैन्याचे रुग्णालय आहे, तिथे तरी या चिन्हाचे मोल लोकांना ठाऊक असायला हवे असे मला नेहमी वाटते. मामांना हे युद्धाचे कारण सांग. फौंड्रीत काम केलेला माणूस धोक्याच्या खुणेची किंमत जाणतो, ते स्वतःच स्टिकर खरवडून काढतील.

याचा अर्थ तू आपल्या शिक्षणाची प्रत्येक खूण पेटीत दडवून ठेवावीस, असा मुळीच नाही. स्टेथोस्कोप कोणीही विकत घेऊ शकतो, त्यावर तुझे नाव कोरून घ्यायलाही हरकत नाही, फक्त नावापुढे अक्षरे नकोत. छातीवर अडकवायचे उलटे घड्याळ, दिव्याचे चित्र असलेला कप, मैत्रिणींनी वाढदिवसाला दिलेली सिरिंजच्या आकाराची पेन, या गोष्टींवर कोणी विसंबून राहत नाही, त्या खुशाल वापर. महाविद्यालयाचा गणवेश आणि ‘विद्यार्थिनी परिचारिका’ असे लिहिलेले ओळखपत्र तर तुझ्या हक्काचे आहे. मात्र तो गणवेश आणि गळ्यातला स्टेथोस्कोप घेऊन बसस्टँडवर किंवा बाजारात फिरू नकोस. यात ओळखीचा प्रश्न आहेच, शिवाय वॉर्डातले जंतू स्टेथोस्कोपच्या पडद्यावर आणि ॲप्रनच्या बाह्यांवर बसून बाहेर येतात हे तू सूक्ष्मजीवशास्त्रात शिकली आहेस, आणि ते निपाणीच्या बसमधल्या लेकुरवाळीपर्यंत पोचवण्याचे कारण नाही.

पहिल्या वर्षी दिवा हातात घेऊन शपथ घेतानाचा तुझा फोटो घरी लावलेला असेलच. बहुतेक घरांत तो असतो, आणि मला अशी दाट शंका आहे की मामांच्या गैरसमजाचे मूळ तिथेच असावे. पांढरे कपडे, हातात दिवा, रांगेत उभ्या मुली, समोर पाहुणे. घरच्या माणसांना तो सोहळा म्हणजे दीक्षान्त समारंभच वाटतो. प्रत्यक्षात ती या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याने घ्यायची शपथ आहे. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात ती लिहिली गेली आणि आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या सन्मानार्थ तिला त्यांचे नाव दिले गेले. तिच्यात ज्या गोष्टी कबूल केल्या आहेत त्यांत आपल्या हातून कोणतेही अपायकारक औषध जाणूनबुजून दिले जाणार नाही, हीही एक आहे. फोटो काढू नकोस, तो तसाच राहू दे. मामांना सांग की हा सुरुवातीचा फोटो आहे.

आता मामांचे. पत्रात सर्वांत जास्त कळवळा तुला त्यांच्याविषयी आहे आणि तो योग्यच आहे. त्यांनी भट्टीसमोर घाम गाळून मिळवलेल्या पैशांतून ती पाटी घडवली आहे. निकाल काय लागेल याची वाट न पाहता घडवली, कारण तू उत्तीर्ण होणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. अशा माणसाला फोनवर ‘पाटी काढा’ असे सांगू नकोस. पत्रही लिहू नकोस, आईकडून निरोपही पाठवू नकोस. पुढच्या सुट्टीला घरी जा, जेवणे होऊ दे, आणि आई समोर असताना बोल. सुरुवात पाटीपासून करू नकोस, काकांच्या इंजेक्शनपासून कर. त्या दिवशी तुझे हात का थरथरत होते आणि त्या माणसाला काही झाले असते तर पोलीस आधी कोणाच्या दारावरची पाटी वाचायला आले असते, हे त्यांना सांग. मग कायदा सांग. आणि कायदा समजावताना शब्द अडले तर आपल्या घरातलेच उदाहरण दे : साखरपुडा झाला, मुहूर्त निघाला, हॉल ठरला, तरी मुलगी अक्षता पडण्याआधी मंगळसूत्र घालत नाही, आणि तिला कोणी घालायलाही सांगत नाही. यात त्या लग्नाविषयी कोणाला शंका असते असे नाही. मामांना हे एका वाक्यात समजेल.

पाटी फेकायची किंवा मोडीत घालायची नाही. मामांनीच आपल्या हाताने ती उतरवावी, स्वच्छ फडक्यात गुंडाळावी आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवावी. नोंदणीचा क्रमांक येईल त्या दिवशी तिच्यावरची पहिली दोन विधाने खरी होतील. तेव्हा खिळे ठोकायला मामांनाच बोलाव, दुसऱ्या कोणाला नको. हे वचन तू त्यांना आधीच देऊन ठेव, म्हणजे पाटी उतरवताना त्यांना काही हिरावून घेतल्यासारखे वाटणार नाही. ‘लोक काय म्हणतील’ असे ते म्हणतील, आणि गल्लीत चार दिवस ‘पोरगी नापास झाली वाटतं’ अशी कुजबुजही होईल. तिची तयारी ठेव. विचारणाऱ्याला ‘परीक्षा अजून व्हायची आहे, मग बंगळूरहून नंबर येईल, तेव्हा लावू’ एवढेच आईने सांगावे. आईला हे वाक्य दोन वेळा म्हणून दाखवायला सांग. विड्यांचा हिशेब ठेकेदाराच्या तोंडावर चोख मांडणाऱ्या बाईला ते जड जाणार नाही.

गल्लीतले लोक सिस्टर म्हणतात ते लगेच थांबणार नाही आणि त्यासाठी प्रत्येकाशी वाद घालण्याचीही गरज नाही. प्रेमाने मारलेली हाक वेगळी आणि दारावर कोरलेला दावा वेगळा. पण त्या हाकेपाठोपाठ कोणी हातात कुपी घेऊन आला, तर मात्र स्पष्ट बोल : ‘काका, मी अजून शिकते आहे, चला, मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते.’ आणि खरोखर बरोबर जा. रांगेत उभी राहा, डॉक्टर कन्नडमध्ये काय म्हणाले ते काकांना मराठीत समजावून सांग, गोळ्या केव्हा घ्यायच्या ते पाकिटावर लिहून दे. सीमाभागात या कामाला किती माणसे लागतात हे वॉर्डातल्या कोणालाही विचार. त्याला कोणतीही नोंदणी लागत नाही आणि ते तू आजपासून करू शकतेस.

ज्या काकांना तू इंजेक्शन दिलेस, त्यांना एकदा भेटून ये. त्यांची प्रकृती विचार, औषधाचे नाव आणि ते कोणी लिहून दिले होते ते विचार, आणि कोणी लिहूनच दिले नव्हते असे निघाले तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. घडलेला प्रकार तुझ्या महाविद्यालयातल्या विश्वासातल्या एखाद्या मॅडमच्या कानावर घालशील तर बरे. त्या रागावतील, पण मनावरचे ओझे परीक्षेआधी उतरेल.

आणखी एक. पाटी फडक्यात गुंडाळण्याआधी तिच्यावर खाली थोडी जागा मोकळी आहे का ते बघून घे. ‘नर्सिंग ऑफिसर’ ही ओळ खडेबाजारातल्या कारागिराकडून घासून काढून घेता येईल. त्या जागी नोंदणी क्रमांकाचे आकडे चांगले बसतील.